पोलादी भोपळ्याचा दम

कापसाला ढगांची भाषा येत असे, तेव्हाची ही गोष्ट. एका जिनिंग कारखान्यात कापसाच्या गाठी दाबणारं प्रेस होतं. पंप तेल ढकलायचा आणि त्या तेलाच्या जोरावर प्रेसचा जाड लोखंडी पाट वर-खाली व्हायचा. पाइपाला लागून एक पोलादी भोपळा उभा असे. त्याच्या पोटात हवा भरलेला रबरी फुगा होता. पंपाचं जास्तीचं तेल भोपळ्यात शिरलं की फुगा अंग चोरून बसायचा.

"मी दिवसभर धडधडायचं आणि तू नुसतं पिऊन बसायचं! ऐतखाऊ मेला!" पंप करवादायचा.

भोपळा दम धरून ऐकायचा. हवेत कापूस तरंगत राहायचा.

खंडेनवमी आली. यंत्रांसाठी झेंडूचे हार आले. पूजेआधी तिथली कामगार तुळसाबाई पाटाखाली वाकून कापूस झाडत होती, इतक्यात वीज गेली. पंप मुका झाला. पाट खाली सरकू लागला.

तेव्हा भोपळ्यातला फुगा सावकाश फुलला. साठलेलं तेल पाइपात शिरलं. पाट थबकला, स्वप्नातल्यासारखा अधांतरी. तुळसाबाई बाहेर आली, मग तो हलकेच खाली टेकला.

वीज आली, पंप गरजला, पाट वर गेला. "यानंच वाचवलं गं बाई मला!" म्हणत तुळसाबाईनं पंपालाच हार घातला.

पंपाला तो हार जड झाला. तो हळूच म्हणाला, "भोपळ्या, हा तुझा आहे रे."

"असू दे तुलाच," भोपळा म्हणाला. "मी पार रिकामा झालोय, आधी तेल दे. बाई पुन्हा पाटाखाली वाकलीय."