गालातल्या सुपारीची कहाणी

ऐका गं बायांनो, अक्षता हातात धरा आणि जिभा जागेवर ठेवा. आटपाट नगर होतं, तिथं एक राणी होती. मनानं भली, पण तोंडाला विसावा म्हणून नव्हता. नगराची रीत अशी, की आधी बाप्ये जेवत, मग पोरं, मग सासू, आणि उरलंसुरलं सून खाई. राणीची एकुलती लेक केतकी त्याच नगरात प्रधानाच्या घरी दिलेली. तिला सातवा महिना लागला. राणी भेटायला गेली, तर लेकीच्या ताटात अर्धी भाकरी आणि पातेल्याची खरवड. राणीच्या काळजात चर्र झालं.

मग राणीनं दवंडी पिटवली, की उद्यापासून सगळ्यांनी एका पंगतीला जेवावं. लोक म्हणाले, बरं. झालं काहीच नाही. मग दुसरी दवंडी दिली. लोक म्हणाले, बघू. बघू म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे; राणीला नव्हतं. मग तिसऱ्यांदा दारोदार शिपाई उभे केले. सगळं नगर मुकाट पंगतीला बसलं, आणि तव्यापाशी कुणी उरलं नाही. भाकऱ्या करपल्या, बाप्ये अर्धपोटी उठले, सासवांनी सुनांना धारेवर धरलं. केतकीची अर्धी भाकरी होती, ती चतकोर झाली.

राणी रडत बसली. तिथं एक म्हातारी आली. देवीच ती, आणखी कोण येणार? तिनं विचारलं, का रडतेस? राणीनं सांगितलं. पुष्कळ वेळ सांगितलं. म्हातारीची एक डुलकी झाली. मग म्हणाली, "भजी सोडायच्या आधी तेलात पिठाचा थेंब टाकून बघतेस ना? मग नगर तापलंय का ते न बघता दवंडी कशी सोडलीस? आता वसा घे. श्रावणातले तीन मंगळवार तीन घरी जावं, चुलीपाशी बसावं, गालात अख्खी सुपारी धरावी. सांगावंसं वाटेल तोवर ती काढू नये. विचारावंसं वाटलं, की काढावी. उतू नये, मातू नये, मधे बोलू नये."

राणी म्हणाली, "उतणार नाही, मातणार नाही. पण मधे बोलणार नाही, असं कसं कबूल करू?" तरी वसा घेतला.

पहिल्या मंगळवारी कासाराकडे गेली. राणी गप्प, म्हणून कासारच बोलू लागला. सून शेजारी बसली तर त्याचं काही जात नव्हतं, त्याला फक्त भाकरी गरम हवी होती. राणीला सांगायचं फार होतं, पण सुपारी होती. दुसऱ्या मंगळवारी सोनाराकडे गेली. तिथं सूनच कुरकुरली, की पंगतीत बसून दहादा वाढायला उठायचं, त्यापेक्षा शेवटी निवांत खाल्लेलं बरं. राणीचे डोळे पांढरे झाले. हे तर तिच्या गावीच नव्हतं.

मग तिसऱ्या मंगळवारी विहिणीकडे गेली. सगळ्यांत थंड घर तेच, अशी तिची खात्री. विहीण तोंड फिरवून भाकरी थापत राहिली. राणी बसून राहिली. तव्यावर तीन भाकऱ्या झाल्या. मग विहीण आपणच पुटपुटली, की ती स्वतः सून होती तेव्हा कुठं कुणी दवंडी पिटली?

राणीनं सुपारी काढली.

"विहीणबाई, तेव्हा तुम्ही काय खात होतात?"

विहिणीचा हात परातीतच थांबला. "करपलेलं," ती म्हणाली. "वीस वर्षं. आज पहिल्यांदा कुणी विचारलं." पदर डोळ्यांना लावून रडली. राणीही रडली, आणि कासाराचं, सोनाराच्या सुनेचं ऐकलेलं सगळं तिला सांगितलं. मग विहिणीनंच तोड काढली. सगळ्या भाकऱ्या आधी भाजून दुरडीत झाकून ठेवायच्या, दुरडी पंगतीच्या मधे, ज्यानं त्यानं हातानं घ्यायचं. मग तिनं हाक मारली, "केतकी, बस गं माझ्याजवळ. पोटभर जेव."

विहिणीनं शेजारणीला सांगितलं, तिनं पाणवठ्यावर सांगितलं. महिन्यानं राजाला जाग आली. त्यानं चौथी दवंडी धाडली. दवंडीवाला ढोल बडवून दमला, पण दारात कुणी येईना. सगळे जेवत होते. शेवटी विहिणीनं त्यालाच आत बोलावलं, सरकून जागा दिली.

केतकीला गुटगुटीत बाळ झालं. जशी राणीला सुपारी पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो, सासूला पावो, सुनेला पावो, आणि सभेत बोलायला उठणाऱ्यांना सगळ्यांत आधी पावो. साठ बोलांनी अडलेली ही कहाणी एका प्रश्नानं सुफळ झाली, संपूर्ण झाली.