दोघींचा एक सूर

नद्यांवर पूल नव्हते तेव्हाची गोष्ट. नदीच्या दोन काठांवर दोन साळुंक्या राहत, एक थोरली, एक धाकटी. शिकाऱ्याने फास कुठे लावलेत, ते रोज एकमेकींना ओरडून सांगत आणि पाठ ठेवत. पण पूर आला आणि त्याच्या गर्जनेत एकीचं दुसरीला ऐकू येईना; दोघींचं पाठांतर वेगवेगळं झालं.

पूर ओसरल्यावर मोराने दोघींच्या पाठांतराची परीक्षा ठेवली. दोघी तंतोतंत सारखं बोलल्या, तरच रानाने विश्वास ठेवायचा.

धाकटीने विचार केला, वाद कशाला? आपल्याला ठाऊक असलेले फास मनातच ठेवून तिने थोरलीचेच घोकले. दोघी एका सुरात बोलल्या. मोर खूश झाला.

दुसऱ्याच सकाळी ससा करवंदीच्या जाळीत फासात सापडला.

"दोघींच्या बोलण्यात एका अक्षराचाही फरक नव्हता!" मोर म्हणाला.

"कसा असेल?" धाकटी पुटपुटली. "हा फास मला एकटीलाच ठाऊक होता."