निकालाच्या दिवशी मागितलेली क्षमा

एका वयोवृद्ध विधिज्ञांनी एकदा उच्च न्यायालयात फार मोठा खटला जिंकला. एक कंपनी लोकांना रोखे विकत होती. सरकारने तिला जाब विचारला आणि विक्री थांबवण्याचा आदेश दिला, तेव्हा ‘हा आमचा खासगी व्यवहार आहे,’ असे म्हणत तिने न्यायालयातून त्या आदेशाला स्थगिती मिळवली. विधिज्ञ सरकारच्या बाजूने उभे होते. अनेक वर्षांनी न्यायालयाने निर्वाळा दिला की, जो जनतेकडून पैसा घेतो, त्याच्यावर देखरेख ठेवण्याचा सरकारला पूर्ण अधिकार आहे. तोवर कंपनी बुडाली होती.

त्यांची शिष्या शर्वाणी हिला आनंद आवरेना. संध्याकाळी सत्कार होता. गुरूंनी मात्र गाडी गावाबाहेरच्या एका वसाहतीकडे वळवायला सांगितली. तिथे इंदुमती खरवंडीकर या निवृत्त परिचारिका राहत. पतीच्या उपचारांसाठी राखलेली पुंजी त्यांनी त्या रोख्यांत घातली होती. उपचार अर्धवट राहिले, पती गेले.

“बाई, निकाल आपल्या बाजूने लागला,” गुरू म्हणाले.

“म्हणजे माझे पैसे मिळतील?”

“नाही. कंपनीकडे आता काहीच उरलेलं नाही.”

बाईंनी भिंतीवरच्या पतीच्या तसबिरीकडे पाहिले. मग म्हणाल्या, “हे असते तर त्यांना सांगितलं असतं. अगदी शेवटपर्यंत विचारायचे, निकाल लागला का म्हणून.”

गुरूंनी हात जोडले. “मला क्षमा करा.”

जिना उतरताना शर्वाणीला राहवले नाही. “सर, आपण तर यांच्यासाठीच लढलो. मग क्षमा कशाची?”

गुरू कठडा धरून थांबले. “खटला उभा राहिला तेव्हा या बाईंनी एकही रोखा घेतला नव्हता. सरकारला विचारण्याचा अधिकार आहे की नाही, याचा आपण सारे तारखांमागून तारखा घेत काथ्याकूट करत बसलो आणि तेवढ्या काळात कंपनी विकत राहिली. आजच्या निकालाने उद्याची माणसं वाचतील. पण ज्यांच्या दारी न्याय उशिरा पोहोचला, त्यांच्यापुढे मान खाली घालायला कुणीतरी जायला हवं ना?”

त्या संध्याकाळी शर्वाणी सत्काराला गेली नाही.

पुढे दुसऱ्या एका खटल्यात समोरच्या वकिलांनी सहज पुढची तारीख मागितली. अशा वेळी ती सौजन्याने मान हलवत असे. त्या दिवशी ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, “माझी हरकत आहे.”