आधी काडी समोर

फार जुनी गोष्ट आहे. पाखरं बोलत होती आणि माणसं त्यांचं निवांत ऐकत होती, तेव्हाची. एका गावाबाहेर विहीर होती आणि विहिरीवर वाकलेली बाभूळ. त्या बाभळीला सुगरणींची घरटी लटकलेली असत.

आता सुगरण म्हटलं की तुम्हाला वाटेल, घरटं तीच विणत असेल. छे, नाव बाईचं आणि विणकाम सगळं बुवाकडे. तो एकेक हिरवी काडी आणून घर विणतो. बायको येते, ओढूनताणून पाहते आणि पसंत पडलं तरच तिथे अंडी घालते.

त्या वर्षी एका सुगरणरावांचं घरटं सगळ्यांत देखणं झालं. बायकोने फांदीवरची गाठ चोचीने ओढून पाहिली, पसंती सांगितली आणि अंडी घालायची वेळ झाली की येते म्हणून दाणे टिपायला गेली. सुगरणरावांची छाती फुगली. विणायचं काही उरलं नव्हतं आणि रिकामं बसायची त्यांना सवय नव्हती.

नेमका तेव्हाच शेजारच्या लिंबावरचा कावळा आला. विहिरीच्या काठावर दोन बेडूक बसले होते, एक हिरवा, एक मातकट. आधी उडी कोण मारेल ते ओळखा, कावळा म्हणाला. ओळखलं तर अळी तुमची, चुकलात तर एक काडी माझी. अट एकच होती. डाव सुरू व्हायच्या आधी काडी समोर ठेवायची.

एका काडीने काय होतंय, असं म्हणत सुगरणरावांनी घरट्याच्या शेपटातली एक काडी उपसली आणि हिरव्यावर पैज लावली. हिरव्याने टुणकन उडी मारली.

अळी तशी कडवटच होती. पण आपल्याला बेडकाच्या मनातलं कळतं, ही गोष्ट सुगरणरावांना फार गोड लागली. रात्रभर ती त्यांच्या डोक्यात घोळत राहिली.

दुसऱ्या दिवशी ते हरले. मग गेलेली काडी परत आणायला आणखी एक लावली, ती आणायला आणखी दोन. मधूनच एखादा डाव जिंकत, की हरलेले सगळे विसरत. डाव्या पायावर उभं राहिलं की मातकट बेडूक ऐकतो, असाही शोध त्यांनी लावला. बेडकाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

शेपूट संपलं, तसं पोटातलं विणकाम निघू लागलं. शेजाऱ्यांनी भोकांबद्दल विचारलं, तर सुगरणराव म्हणाले, घर हवेशीर करतोय. एकदा तर त्यांनी शेजाऱ्याच्याच घरट्यातली काडी ओढली आणि दोष वाऱ्यावर ढकलला. आताशा जिंकूनही त्यांना आनंद होत नसे. बेडूक उडी मारायच्या आधीचा, श्वास अडकवणारा तो क्षण तेवढा हवा असायचा. तिकडे लिंबावर कावळ्याचं घरटं मऊमऊ होत चाललं होतं.

शेवटी फांदीवरची गाठ आणि तिला लोंबणारं फाटकं घर एवढंच उरलं. बायको आज येणार होती.

"राव, आता गाठच लावा," कावळा म्हणाला. "जिंकलात तर तुमच्या सगळ्या काड्या परत."

सुगरणरावांनी हिशेब केला. इतक्या वेळा हरलोय, म्हणजे आता जिंकायची पाळी आपलीच. काडी आधी समोर ठेवायची होती. म्हणून त्यांनी गाठ सोडली, गाठीची काडी कावळ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "हिरवा."

हिरव्याने उडी मारली. सुगरणराव जिंकले.

कावळ्याने शब्द पाळला. काड्यांचा ढीग आणून फांदीवर ठेवला. तेवढ्यात बायको जड पोटाने येऊन बसली.

"अहो, घर कुठाय?"

"अगं, मी जिंकलो," सुगरणराव म्हणाले आणि त्यांनी मागे वळून पाहिलं. गाठ सुटलेलं घरटं खाली विहिरीच्या पाण्यात भिजत होतं आणि त्यावर हिरवा बेडूक ऐटीत बसला होता.

बायकोने ढिगातली एक काडी उचलली, मोडून दोन तुकडे केले आणि नवऱ्यापुढे टाकले. "झाला आपला काडीमोड," ती म्हणाली आणि दुसऱ्या बाभळीकडे उडून गेली. हा शब्द माणसांनी इथूनच उचलला, असं पाखरं सांगतात.

सुगरणराव खूप रडले. मग डोळे पुसून विणायला लागले. त्या ढिगातल्या काड्या वाळून गेल्या होत्या, म्हणून लांबच्या बांधावरून नव्या आणाव्या लागल्या. कावळा रोज यायचा आणि म्हणायचा, "राव, एकच काडी." त्यांची मान आपसूक बेडकांकडे वळायची. म्हणून त्यांनी एक युक्ती केली. कावळा दिसला की चोचीत काडी धरायची. पैज घ्यायला तोंड उघडावं लागतं आणि तोंड उघडलं की काडी विहिरीत पडते.

पुढच्या वर्षी बायको नवं घर पाहायला आली. गाठ तिने ओढली, पुन्हा ओढली, मग फांदीला लोंबकळून ओढली. तेवढ्यात कावळा ओरडला. तिने चटकन नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या चोचीत काडी होती आणि गाल फुगले होते.

"पसंत आहे," ती म्हणाली.

मुलांनो आणि मुलांच्या आईबापांनो, एवढं ध्यानात असू द्या: जुगाराची पहिली काडी उपसली, की घर पडायला तिथूनच सुरुवात होते.