निळी चिंधी

“मग दोष कुणाचा?” सायन्ना मास्तरांनी विचारलं.

“माझा.”

“सॉफ्टवेअरचा नाही?”

“नाही. यादी मी काढली, मीच लावली. काकांचा आणि तुमचाही थोडा आहे. ते नंतर बोलू.”

“आताच बोल की. जेवणाची सुट्टी आहे.”

मास्तर शिलाई विभागाच्या दारात पालथ्या खोक्यावर बसले होते. मांडीवर डबा. कडक भाकरी, शेंगाचटणी. चाळीस वर्षं टॉवेलच्या धंद्यात काढलेला माणूस. सुताची गाठ कशी मारायची इथपासून मला सगळं त्यांनीच शिकवलं.

सोलापुरातला हा कारखाना काकांचा. दोन वर्षं तोट्यात होता. शेजारच्या कारखान्यात सॉफ्टवेअर आलं म्हणून काकांनीही घेतलं, आणि माझ्या गळ्यात टाकलं. इंजिनीअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडून आलेला पुतण्या घरात दुसऱ्या कशाला लागतो? त्यांना स्वतःला त्यातलं एक पान उघडता येत नाही.

सॉफ्टवेअर चांगलं निघालं, हे सांगायला हवं. सूत कुठे वाया जातं ते कळलं. माल वेळेवर सुटू लागला. सहा महिन्यांत तोटा थांबला.

आणि माझं डोकं फिरलं.

शिलाईत बारा बायका टॉवेलच्या कडा शिवतात. मजुरी डझनावर. डझनाचा गठ्ठा झाला की जी ती आपल्या रंगाची चिंधी बांधते. संध्याकाळी मास्तर चिंध्या मोजतात. मी प्रत्येक मशीनला मीटर बसवला. आठवड्यात दिसलं की नरसक्काच्या मशीनवर दिवसाला आठ डझन शिवले जातात आणि तिच्या पिवळ्या चिंधीचे गठ्ठे भरतात सव्वीस.

सोमवारी यादी फलकावर लावली. सगळ्यात खाली, लाल अक्षरांत, नरसक्काचं पूर्ण नाव, नरसम्मा. उद्दिष्ट तीस. प्रत्यक्ष आठ. खोटे गठ्ठे अठरा.

नरसक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिने पद्माक्काला वाचून दाखवायला सांगितलं. पद्माक्का वाचत ‘प्रत्यक्ष आठ’पर्यंत आली आणि थांबली.

“वाच की,” नरसक्का म्हणाली.

पद्माक्काने वाचलं.

मंगळवारी नरसक्का आली नाही. बुधवारी नाही. आज गुरुवार. तिच्या डोळ्यांनी दगा दिल्यापासून बाकीच्या अकरा जणी आपले एक-दोन गठ्ठे रोज पिवळ्या चिंधीने बांधत होत्या, हे मला मंगळवारी कळलं. तेही हमालाकडून.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हणालो.

“होतं.”

“काकांना?”

“त्यांनाही.”

“मग मला एकाने तरी सांगायचं. यादीवर तुमची सही घेतली मी. मुकाट्याने केलीत.”

मास्तरांनी भाकरीचा तुकडा मोडला. तो हातातच राहिला.

“भ्यालो,” ते म्हणाले. “पुढच्या महिन्यात त्या कागदावर माझं नाव येईल म्हणून.”

...

म्हातारी माणसं सबबी सांगतात तेव्हा बरं असतं. भांडता येतं.

“तिला परत आणा,” मी म्हणालो. “तुमचं ऐकेल ती. यादी काढून टाकतो. उद्दिष्टही कमी करतो. पंचवीस करतो.”

“तीस कुठून आणलंस?”

“माझ्यावरून.”

“तुझ्यावरून?” मास्तरांनी विचारलं.

“विसरलात? मी इथे आलो तेव्हा काका सगळ्यांसमोर म्हणाले होते, कॉलेज झेपलं नाही, सुई तरी झेपते का बघू. तीन महिन्यांत रोज तीस डझन दाखव, नाहीतर घरी बस. दाखवले की मी. निळ्या चिंधीचे तीस. तुम्हीच मोजून सांगायचात. मला नवशिक्याला जमतात तर यांना का नाही?”

मास्तरांनी डबा बंद केला. उठले. नरसक्काच्या मशीनपाशी गेले, स्टूल ओढलं, वरची धूळ हाताने पुसली.

“एक डझन शिव.”

“आता?”

“सुट्टी आहे ना अजून.”

मी बसलो. पलीकडे चटईवर अकरा जणी जेवत होत्या. आधी बोलणं थांबलं, मग चावणंही थांबलं असावं.

धागा ओवला तो उलटा. सुरुवातीलाच तुटला. एरवी पद्माक्का लांबूनच ओरडली असती, “चिन्ना, उजवीकडून रे, उजवीकडून.” इथे सगळ्या मला चिन्ना म्हणतात. त्यांच्या बोलीत लहानगा. पंचवीस वर्षांचा झालो तरी.

कुणी ओरडलं नाही.

पहिल्या टॉवेलची कड वाकडी गेली. उसवली. पुन्हा शिवली. बारावा टॉवेल संपला तेव्हा सुट्टी संपून दहा मिनिटं झाली होती आणि एकीनेही मशीन सुरू केलं नव्हतं.

“चाळीस मिनिटं,” मास्तर म्हणाले. “आठ तासांचे किती होतात?”

“बारा डझन.”

“हं.”

“सवय गेली माझी. तीन वर्षं झाली. तेव्हा हात बसला होता.”

“असेल,” मास्तर म्हणाले. “फोन काढ. जुन्या वह्या सॉफ्टवेअरमध्ये तूच भरल्यास ना?”

“मीच.”

“ते तीन महिने काढ. तुझं नाव बघू नकोस. त्यांची बघ.”

काढले.

पद्माक्का आधी सव्वीस. त्या तीन महिन्यांत पंचवीस.

तिच्या खालची चोवीस. मग तेवीस.

अकराच्या अकरा एकेका डझनाने उतरलेल्या.

नरसक्का. तेव्हा तिचे डोळे धड होते. रोजचे चौतीस. त्या तीन महिन्यांत सत्तावीस. मी ऑफिसात बसायला गेलो त्या सोमवारपासून पुन्हा चौतीस.

अकरा. आणि सात.

हे सगळे आकडे मी माझ्या हाताने भरले होते. रात्र-रात्र बसून नव्हे, भर दुपारी, पंख्याखाली, चहा पीत. काही दिसलं नव्हतं.

निळ्या चिंध्यांचा जुडगा माझ्या मशीनला टांगलेला असायचा. संपत आला की मी आणखी फाडायचो. बारा गठ्ठ्यांना तीस चिंध्या कशा लागतात, असा प्रश्न मला तीन महिन्यांत एकदाही पडला नाही.

...

“कुणी सांगितलं होतं त्यांना?” मी विचारलं.

“नरसक्काने. म्हणाली, पोरगा खाली मान घालून डबा खातो, चार घास टाकून देतो. हा घरी बसला तर उठायचा नाही.”

“आणि काका?”

“तुझ्या काकांनी तीस ऐकले आणि गप्प बसले. त्यांनाही तू घरी बसायला नको होतास. तोंडाने म्हणता आलं नाही, इतकंच.”

मी उठलो. फलकापाशी गेलो. यादी अजून तिथेच होती. काढायचीही लाज वाटली होती मला. खिशातला पेन घेतला आणि नरसक्काच्या ओळीखाली लिहिलं. माझं नाव, कागदोपत्री असलेलं, वेणुगोपाल. उद्दिष्ट तीस. प्रत्यक्ष बारा. खोटे गठ्ठे अठरा.

मागे वळलो नाही. वळवेना.

“जातो मी तिच्या घरी,” मी फलकाकडे बघतच म्हणालो. “पाय धरतो.”

“मी काल जाऊन आलो.”

“काय म्हणाली?”

“डोळ्यांचं ऑपरेशन कारखाना करून देईल म्हटलं. तुझ्या काकांना न विचारताच म्हटलं. ती म्हणाली, मास्तर, तो कागद मला दिसलाच नाही, पण पद्मीचा आवाज थरथरला तो ऐकू आला. त्या खोलीत आता मी बसू कशी?”

“मग येणार नाही?”

“नाही.”

...

मागे एक मशीन सुरू झालं. मग दुसरं. पद्माक्का डोक्यावर गठ्ठे घेऊन आली. मी वाटेत उभा होतो. तिने फलकावरची शेवटची ओळ वाचली. हळूहळू, ओठ हलवत, पूर्ण वाचली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. शिवी आली असती तरी चाललं असतं.

“जरा सरका, साहेब,” ती म्हणाली.

मी सरकलो.

ती गेली. एकेका मशीनचा आवाज वाढत गेला. मास्तर डबा पिशवीत घालत होते.

“मास्तर, साहेब म्हणाली ती मला.”

मास्तरांनी पिशवीला गाठ मारली.

“चिन्ना हे नाव नरसक्काने ठेवलं होतं,” ते म्हणाले. “तिच्याबरोबर गेलं.”