आठ दिवसांची खुंटी

बाजाराच्या तोंडाशी तुम्ही ज्या पितळी घागरीतलं पाणी प्यायलात, ती घागर कुणाच्याच मालकीची नाही. बुडाला चार वेळा डाग दिलाय, काठ चेपलाय, पण ती बदलायचं नाव कुणी काढत नाही. आणि माझ्या दुकानाच्या डाव्या भिंतीवर ही जी खुंट्यांची ओळ आहे, जिच्यावरचं हिरवं जाकीट तुम्ही दोघी मघापासून ओढताय, तिचं त्या घागरीशी नातं आहे. या गल्लीतल्या प्रत्येक दुकानात डावीकडे अशी ओळ दिसेल. घराघरांतून आलेला कपडा आधी तिथे टांगायचा आणि आठ दिवस हलवायचा नाही. विकायचा नाही, धुवायचा नाही, त्याला कात्री लावायची नाही. तुमचं जाकीट मागच्या मंगळवारी आलंय, म्हणजे येत्या मंगळवारी या.

आता तोंडं पाडू नका. सकाळपासून शहर पालथं घातलंत हे दिसतंय मला. स्टेशनामागचा बाजार झाला, पुलाखालचा झाला, शिवाय ते काचेचं नवं दुकान झालं, जिथे आपल्याच जुन्या कपड्यांना थ्रिफ्ट म्हणतात आणि अत्तर फवारून विकतात. बसा त्या गाठोड्यावर, जुन्या कपड्याला सुरकुतीचं भय नसतं. तुमचे पाय आज दुखतायत, माझे चाळीस वर्षं दुखतायत. माझ्या स्वेटरकडे बघून हसलात तेही पाहिलं मी. बायकी आहे, डावी बाही बोटभर लांब आहे. हसा खुशाल. आता कशालाही हरकत घ्यायचा मला कंटाळा येतो.

तर या गल्लीच्या पलीकडे, जिथे आता वाहनतळ आहे, तिथे पूर्वी कोष्ट्यांची वस्ती होती असं सांगतात. त्या वस्तीत कोंडाबाई नावाची एक बाई राहायची. तिचा नवरा पहिल्या महायुद्धात लष्करात भरती होऊन बसऱ्याच्या लढाईला गेला. निघताना त्याने अंगातली लोकरीची बंडी काढली, भिंतीवरच्या खुंटीला अडकवली आणि म्हणाला, "तिकडं सरकारी कपडे मिळतात. ही मी येईपर्यंत इथनं काढू नकोस." एवढंच बोलला आणि गेला. त्याने सहज म्हटलं असेल, पण कोंडाबाईने ते व्रतासारखं धरलं. खुंटीवरची बंडी आहे तोवर माणसाची घराची वाट आहे, असं तिच्या मनाने घेतलं.

पहिलं वर्ष ती बंडी रोज झटकायची. कसरीने एक भोक पाडलं, तर तिने ते निळ्या दोऱ्याने रफू केलं, कारण घरात काळा दोरा नव्हता. दुसऱ्या वर्षी पत्रं आली, तिसऱ्या वर्षी थांबली. चौथ्या वर्षी ती झटकायचीसुद्धा विसरायला लागली. यात तिचा दोष काढू नका. वाट बघणं हे काम आहे, आणि कुठल्याही कामाने माणूस दमतो.

अशात एका दुपारी वस्तीत जिवाबाई बोहारीण आली. बोहारीण तुम्ही पाहिली नसेल. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर जुन्या कपड्यांचं गाठोडं. जुनं कापड द्यायचं, भांडं घ्यायचं. कोंडाबाईची पाण्याची मातीची घागर त्याच आठवड्यात फुटली होती आणि पाणी लांबच्या हौदावरून आणायचं होतं. जिवाबाईच्या पाटीत एक पितळी घागर होती. कोंडाबाईने दोन लुगडी टाकली, एक धोतर टाकलं, घोंगडीचा तुकडा टाकला. जिवाबाईने सगळं उलटंपालटं करून पाहिलं आणि या धंद्यातली प्रत्येक बाई म्हणते तेच म्हणाली, "ताई, एवढ्यात घागर कशी परवडंल? अजून एक टाका."

कोंडाबाई म्हणाली, आता काही नाही. बोहारीण पाटी उचलायला लागली. ती उचलते थोडीच, नुसतं दाखवते, पण समोरच्या बाईचा जीव खालीवर होतो. कोंडाबाईचा हात खुंटीकडे गेला. म्हणे, तिने त्या क्षणी मनात काही आणलंसुद्धा नाही. दमलेला हात होता, समोर दिसलं ते त्याने काढून दिलं.

दिवेलागणीला ती दिवा लावायला उठली तेव्हा भिंतीवर बंडीच्या आकाराचा चुन्याचा पांढरा डाग दिसला. चार वर्षांत बाकीची भिंत धुराने काळी झाली होती, तेवढाच तुकडा कोरा राहिला होता. ती तिथेच खाली बसली.

उजाडताच ती घागर कडेवर घेऊन जिवाबाईच्या दारात उभी. "ही घागर घे, बंडी दे." पण आमचा बाजार तेव्हाही पहाटेच भरायचा. गाठोडं विकून जिवाबाई घरी परतली होती. धंद्याचा नियम असा, की दिलं ते दिलं. दुसऱ्या कुठल्याही बोहारणीने दार लावून घेतलं असतं. जिवाबाईने पाटी कोपऱ्यात ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, "चला ताई. ज्याला दिलं त्याला इचारू."

त्या दोघी तीन दिवस चालल्या असं सांगतात. पहिल्या दिवशी नदीकाठच्या व्यापाऱ्याकडे गेल्या. त्याने माल निवडून टाकला होता, धडकं एकीकडे, फाटकं दुसरीकडे. बंडी फाटक्यात गेली होती, आणि फाटकं गोधड्या शिवणाऱ्या बायकांकडे. दुसरा दिवस त्या बायकांची घरं शोधण्यात गेला. शेवटच्या घरातली म्हातारी म्हणाली, "लोकरीतनं सुई जात न्हाई गं बाय. ती मी घोडेगल्लीत दिली." वाटेत कोंडाबाईच्या पायाला फोड आले, तेव्हा जिवाबाईने आपल्या लुगड्याची पट्टी फाडून बांधली. घागर मात्र कोंडाबाईने एकदाही खाली ठेवली नाही, कारण बंडी दिसली की लगेच अदलाबदल करायची होती.

तिसऱ्या दिवशी घोडेगल्ली. तिथे टांग्यांच्या घोड्यांची खोगिरं शिवायचे. खोगीरभरती हा शब्द तुम्ही भाषणात ऐकला असेल, तो असल्याच चिंध्यांचा. खोगीरवाल्याने एका नव्या खोगिरावर हात ठेवला. ते त्याच सकाळी शिवून झालं होतं. "उसवून देतो बाई," तो म्हणाला, "पण आत काय ओळखाल?" त्याने खरोखरच उसवलं, भला माणूस असावा. आतून चिंध्यांचा ढीग निघाला. कोंडाबाई एकेक चिंधी उचलून पाहत होती, आणि दुपार कलायच्या सुमाराला तिच्या हाताला निळा दोरा लागला. तळहाताएवढा तुकडा होता. बाकीची बंडी त्या ढिगात होती आणि नव्हतीही.

जिवाबाई तिथे रडली म्हणतात. म्हणाली, "मीच म्हटलं हुतं, अजून एक टाका." कोंडाबाई रडली नाही. ती म्हणाली, "तू मागितलंस. दिलं मी."

तो तुकडा तिने घरी नेऊन खुंटीला बांधला. नवरा आला का, असं सगळेच विचारतात. नाही आला. बसऱ्याहून कितीजण आले नाहीत, त्यात तो एक. पण कोंडाबाई मरेपर्यंत सांगायची, की तो वेशीपर्यंत आला होता आणि खुंटी रिकामी बघून माघारी गेला. वेशीवरून घरातली खुंटी कशी दिसेल, असं तिला कोण म्हणणार?

घागर दोघींनाही घरात नको झाली. शेवटी बाजाराच्या तोंडाशी पाणी भरून ठेवली. आणि जिवाबाईने आपल्या बसायच्या जागी डाव्या हाताला खुंटी ठोकली. आलेला कपडा आठ दिवस तिथे राहील, ज्याचा त्याला परत हवा असेल तर भांडं आणून द्यावं आणि घेऊन जावं, असं तिने देवीपुढे बोलून टाकलं. बाजार हसला. व्यापारी म्हणाले, हिचा माल शिळा. एक वर्ष तिने अर्धपोटी काढलं. मग एका बाईने भांडणाच्या भरात दिलेला लेकीचा शालू पाचव्या दिवशी परत नेला, आणि ती गोष्ट वस्त्यावस्त्यांतून फिरली. बायका जिवाबाईसाठीच कपडे राखून ठेवायला लागल्या. ते पाहून बाकीच्यांनीही खुंट्या ठोकल्या. पुण्य म्हणा, धंदा म्हणा, आमच्याकडे दोन्ही एकाच गाठोड्यात असतं.

आजही या गल्लीत कुणी गिऱ्हाइकाला "अजून एक टाका" म्हणत नाही. आजही ती घागर रोज सकाळी कुणीतरी भरतं, आणि नवा कपडा आला की आधी डाव्या भिंतीवर जातो. म्हणून म्हणतो, जाकीट मंगळवारी.

काय म्हणालीस पोरी? इतकं करून कधी कुणी परत येतं का?

खरं सांगू? माझ्या चाळीस वर्षांत तिघं आले. हजारो कपडे टांगले, उतरवले, धूळ खाल्ली, हा दमा कमावला, आणि आली तीन माणसं. कितीदा वाटलं, उपटून टाकाव्यात या खुंट्या. पहिली एक नवी नवरी आली होती, दुसरा एक पोस्टमन. दोघांनी आपापलं नेलं.

तिसरा मी. माझी बायको इंदू गेली त्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत सूनबाईने तिचं कपाट रिकामं केलं आणि बोहारणीला गाठोडं दिलं. तिला काय ठाऊक? मी इथे दिवसभर परक्यांचे कपडे सांभाळत होतो आणि घरी मला कपाट उघडायला सहा दिवस लागले. इंदूने आयुष्यात एकच स्वेटर विणला, डावी बाही बोटभर लांब झाली, म्हणून तिने तो चारचौघांत कधी घातला नाही. तो समोरच्या हुसेनभाईच्या दुकानात डाव्या भिंतीवर होता. त्याने तो खुंटीवरून काढून माझ्या हातात दिला. कोंडाबाई तीन दिवस चालली होती. मला नुसती ही गल्ली ओलांडावी लागली.