रिकाम्या सुपाचा पाळणा

हिवरदऱ्यात बारशाला पाळणा गात नाहीत. पहिल्यांदा आलेल्या पाहुण्या बायका इथे हटकून फसतात. बाळाच्या कानात नाव सांगून झाले की त्या सवयीने घसा खाकरतात, आणि यजमानीण लगबगीने त्यांच्या हातावर घुगऱ्या ठेवून त्यांना गप्प बसवते. मग गुरवाच्या घरची सून सूप घेऊन पाळण्याशेजारी बसते. सुपात दाणा नसतो, की फोलपट नसते. ती ते रिकामेच पाखडू लागते आणि त्या सपसप आवाजावर बाळाचा डोळा लागतो. पुढे वर्षभर घरच्या बायका त्याला असेच झोपवतात. शहरातून आलेली मंडळी हल्ली हे मोबाइलवर टिपून घेतात आणि किती गोड प्रथा आहे म्हणतात. गावातल्या देवळाच्या ओट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना कुणी खोदून विचारलेच, तर ती आधी कड्याखालच्या कडजाईच्या देवळाकडे बोट दाखवतात. त्या देवळात सनई वाजत नाही, आणि दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे, असे सांगतात.

फार मागे, गावची पाटीलकी कोंडाजीकडे होती तेव्हाची ही गोष्ट. कडजाईची पूजा आणि सनई नागू गुरवाकडे होती. पहाटे देवी उठवायची ती त्याच्या सनईने आणि दिवेलागणीला निजवायची तीही त्याच्याच. सुगी झाली की खळ्याखळ्यावरून गुरवाला त्याच्या वाट्याचे जोंधळे मिळत, आणि त्यावर नागूचे आणि त्याची बायको ठकूबाईचे वर्ष निघे. एरवी सनईला शेजारी सूर धरणारा जोडीदार लागतो. नागूचा भाऊ तो सूर धरायचा, पण तो पटकीच्या साथीत गेला. तेव्हापासून नागू एकटाच फुंकत होता आणि तेव्हापासूनच त्याच्या छातीत काहीतरी बिघडले होते. सनई खाली ठेवली की तो बराच वेळ खांबाला टेकून बसायचा. हे ठकूबाईला ठाऊक होते. गावाला ठाऊक नव्हते, कारण गावाला फक्त सनई ऐकू येत होती.

कोंडाजीची बायको आवडाबाई हिची बाळे जगत नव्हती. कुणी चार दिवसांचे होऊन गेले, कुणी दात येता येता. शेवटी तिने कडजाईला नवस केला आणि मुलगा झाला. दृष्ट लागू नये, मृत्यूला त्याचा हेवा वाटू नये म्हणून केरकचऱ्यावरून त्याचे नाव केरू ठेवले. केरू जगला, पण रडत. असे रडणे गावाने पाहिले नव्हते म्हणे. अंगावर प्यायचा आणि रडायचा, कुशीत घेतले की रडायचा, खाली ठेवले की त्याहून मोठ्याने. वैदूने पोट तपासले, जाणत्याने अंगारा लावला. पोटात काही नाही, बाहेरचेही काही नाही, असे दोघांनीही सांगितले.

मग कुणीतरी टूम काढली की पोराला कानाला गोड लागेल असे काही ऐकवा. एवढे म्हणायचा अवकाश, सगळ्या गावाला गाण्यातले कळू लागले. सासूने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, पोर रडले. एकतारीवाला गोसावी बोलावला, पोर रडले. गोंधळ्याने संबळ हलक्या हाताने वाजवून पाहिले, तेव्हा तर पोर निळे पडले आणि गोंधळ्याला मागच्या दाराने काढावे लागले. गाईच्या गळ्यातली घुंगरे झाली, काशाची वाटी झाली, नणंदेने ऐटीत आणलेला चांदीचा खुळखुळा झाला. जो तो आपला सूर घेऊन यायचा आणि पडेल तोंडाने परत जायचा. आवडाबाई पाळण्याची दोरी धरून बसलेली असे. तिला हसू येत नव्हते. आधीची सगळीही जाण्यापूर्वी रडत राहिली होती.

एका पहाटे वारा कड्यावरून खाली गावाकडे वाहत होता. देवळातली सनई पाटलाच्या अंगणापर्यंत स्वच्छ ऐकू आली आणि केरू रडता रडता थांबला. कान दिल्यासारखा पडून राहिला आणि झोपला. सनई संपली तसा जागा होऊन पुन्हा रडू लागला.

ऊन वर यायच्या आत पाटलाचे बोलावणे गुरवाच्या दारात आले.

सुरुवातीला नागूला अभिमानच वाटला, हे खोटे नाही. तो पाळण्याशी बसून वाजवी आणि ते रडून रडून लाल झालेले पोर हळूहळू मुठी सोडी. ठकूबाईला तेव्हा दिवस गेलेले होते. घरी आला की तो तिला सांगे, "पोर झोपतं गं. डोळ्यांदेखत झोपतं. आपलं बी असंच निजवीन." ती त्याच्यापुढे भाकरी ठेवी, पण त्याच्याने ती चाववत नसे. गालाचे स्नायू दुखत.

अडचण अशी की सूर तुटला की केरू दचकून उठायचा. म्हणून आवडाबाईने सांगितले, सूर तोडायचा नाही. गालात हवा धरून नाकाने श्वास घेत सनई न थांबता वाजवता येते. नागूला ती विद्या येत होती. ती देवीपुढे घटकाभरासाठी होती. आता ती दिवसभर लागू लागली. पहाटे तो पाटलाकडे असे म्हणून देवी सनईशिवाय उठू लागली, आणि दिवेलागणीला सनईशिवाय निजू लागली. गावात चार जाणती माणसे होती, पण कुणी चकार शब्द काढला नाही. पाटलाचे पोर गप्प झाल्याने शेजारच्या आळीलाही झोप मिळत होती.

नागूच्या खोकल्यात रक्त दिसले तेव्हा ठकूबाई स्वतः पाटलाकडे गेली. कोंडाजी ओसरीवर पान लावत होता.

"पाटील, त्यांच्या छातीत दम न्हाई राहिला. आठ-पंधरा दिस सोडा त्यास्नी."

"पोर देवीच्या नवसाचं हाय," कोंडाजी म्हणाला. "देवीचं पोर, देवीची सनई. आम्ही काय वावगं मागतोय?"

ती आत आवडाबाईकडे गेली. बाईला बाईचे कळेल, असे तिला वाटले होते. केरू झोपला होता आणि नागू डोळे मिटून वाजवत होता, त्यामुळे दोघी कुजबुजत बोलल्या.

"पाटलीणबाई, माझं कुंकू हाय ते."

आवडाबाईने तिच्याकडे पाहिले. तिचेही डोळे जागरणाने आत गेले होते. "ठके, मी त्यांना दूध देते, तूप देते, अंगावर शाल घालते. अजून काय हवं ते माग. पर थांबवा म्हणू नगंस. माझी किती गेली ते तू बघितलंयस."

"बघितलंय. रडले बी हाय."

"मग?" आवडाबाई म्हणाली, आणि पाळण्याकडे वळली.

शेवटी ठकूबाईने नवऱ्यालाच घरी डांबून ठेवायचे ठरवले. तिने सनई लपवलीही. पण पाटलाचा गडी दारात उभा राहिला आणि नागूनेच ती शोधून काढली. गुरवाने बोलावण्याला नाही म्हणायचे नसते, हे त्याच्या हाडात मुरलेले होते. शिवाय त्याला त्या पोराची माया लागली होती, आणि ठकूबाईला सगळ्यात जास्त राग आला तो याच गोष्टीचा.

भाद्रपदातल्या एका दुपारी वाजवता वाजवता तो पुढे कलंडला. सूर तुटला. केरू टाहो फोडून उठला. घरातली सगळी माणसे धावली, आणि ती धावली ती पाळण्याकडे. पोराला उचलून, थोपटून, खांद्यावर घेऊन झाल्यावर कुणीतरी वळून पाहिले म्हणतात. तोवर नागू गुरव थंड होत चालला होता.

दहावे-बारावे पाटलाने थाटात केले. पण पुढची सुगी आली, ठकूबाई पोट सांभाळत खळ्यावर गेली, तेव्हा लोक नजर चुकवू लागले. सनई वाजवणारा नाही, तर वाटा कशाचा, असा त्यांचा हिशेब. तोंडावर कुणी बोलले नाही. तिला नुसते उभे ठेवले, आणि ती परत आली. एका कुणब्याच्या म्हातारीने मूठभर घातले, तेवढेच.

इकडे केरूचे रडणे काही संपले नव्हते. दुसऱ्या गावांहून सनईवाले आणून झाले. त्यांच्या सनईवर तो झोपेना. तेव्हा आवडाबाईच्या मनाने घेतले की गुण सनईत नव्हता, गुरवाच्या घरात होता. तिने ठकूबाईला निरोप धाडला: तू ये, तुला येत असेल ते म्हण, पोर निजव.

ठकूबाई त्या वेळी दारात बसून सूप पाखडत होती. काही सुपात होते म्हणून नव्हे. म्हातारीने दिलेली मूठ कधीच संपली होती. एखादा दाणा बांबूच्या विणीत अडकला असेल तर निघावा म्हणून ती झाडत होती. निरोप ऐकून ती उठली आणि सूप हातात घेऊनच पाटलाच्या घरी गेली.

भरल्या घरात रिकामे सूप पाखडू नये, हे लहान पोरीलाही माहीत असते. ज्या घरात असे पाखडावे त्या घरात अवदसा शिरते, धान्याची कणगी रिती होते, असे मानतात. ठकूबाई हे जाणून होती, आणि म्हणूनच गेली. पाळण्याशी, जिथे नागू बसायचा तिथेच, ती बसली. माजघरात बायका जमल्या होत्या. ती म्हणाली, "आमच्या घरी आता हेच वाजतं. हेच आईका." आणि तिने सूप पाखडायला सुरुवात केली.

बायकांनी तोंडाला पदर लावला. सासू शिव्या देत उठली. आवडाबाई झेपावली, सूप हिसकून घ्यायला तिने हात लांब केला, आणि तिथेच थांबली, कारण घरात दुसरा काहीच आवाज उरला नव्हता. केरू गप्प झाला होता. त्याच्या मुठी सुटल्या होत्या.

ठकूबाईचा हात थांबला. पोर पुन्हा रडू लागले.

तेव्हा पाटलीण गुरविणीच्या पाया पडली म्हणे. शाप कळला नव्हता असे नाही. चांगला कळला होता. "काय घालायचं ते घाल आमच्या घरावर," ती म्हणाली, "पर हात थांबवू नगंस." आणि तिने आतून जोंधळ्याची पाटी आणवून ठकूबाईच्या शेजारी ठेवली.

ठकूबाईच्या पोटात बाळ होते आणि त्या पोटात दोन दिवस अन्न नव्हते. तिने पाटीकडे पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले, असे सांगतात. त्याच जोंधळ्यासाठी ती खळ्यावर उभी राहिली होती. मग तिने सूप पुन्हा उचलले.

ती रोज जाऊ लागली. एकदा कुणीतरी मायेपोटी तिच्या सुपात दाणे टाकले, निदान रिकामे तरी नको म्हणून. दाण्यांच्या आवाजाने केरू जागा झाला. तेव्हापासून सूप रिकामेच असले पाहिजे असा दंडक पडला. गावातल्या इतर बायकांनी आपापल्या रडक्या पोरांवर हा उपाय करून पाहिला आणि त्यांनाही गुण आला. वर्षा-दोन वर्षांत ठकूबाईचा हात गुणाचा ठरला. तिने शिव्या म्हणून आणलेली गोष्ट लोकांनी ओव्या म्हणून ठेवून घेतली, आणि तिच्या घरची चूल त्यावरच पेटू लागली. ठकूबाईसाठी याहून मोठी शिक्षा देवीला तरी सुचली असती का, कोण जाणे.

शापाचे काय झाले, असे ऐकणारा नेहमी विचारतो. काही झाले नाही. पाटलाची कणगी कधी रिती झाली नाही. केरू मोठा झाला, धडधाकट पाटील झाला आणि म्हातारा होऊन मेला. कडजाईची सनई मात्र बंदच राहिली. ठकूबाईला पुढे मुलगा झाला, पण तिने त्याच्या ओठाला सनई लागू दिली नाही, आणि ज्या सनईवर बाप गेला ती देवीच्या पायाशी ठेवून दिली.

आजही हिवरदऱ्यात बारसे असले की सूप धरायचा पहिला मान गुरवाच्या सुनेचा. तिला पाटावर बसवतात, हळदकुंकू लावतात, खणानारळाने ओटी भरतात. ती रिकामे सूप पाखडते, बाळ झोपते, बायका कौतुकाने माना डोलावतात. पाटी भरून धान्य घेऊन ती घरी येते. पण तिच्या स्वतःच्या घरात ते सूप कुणी वाजवत नाही, आणि पाळण्याचे दुसरे गाणेही त्या घरात कुणाला येत नाही. ठकूबाईनेच तसे घालून दिले आहे म्हणतात. गुरवाच्या घरात बाळ रडायला लागले, की त्याला उचलून घेतात आणि रडू देतात.